बोर्डाची पाठ

जयराम पेंटरांना बोर्डाचा भाव विचारला की ते आधी बोर्डाकडे पाठ करून उभे राहायचे. म्हणजे जिथे बोर्ड लागायचा त्या जागेकडे. तोंड पश्चिमेला, डोळे अर्धवट मिटलेले, टोपी काढून हातात. गिऱ्हाईक बिचारं फूटपट्टी घेऊन मागे ताटकळत असायचं. पाच मिनिटांनी वळून ते म्हणायचे, "सांगतो. आदी चा सांगा."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, झालं, वेडा माणूस गाठ पडला. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, नवापूरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका कारखान्यात स्टोअर्सचा कारकून होतो. १९७९ साल असेल. मालकांना कारखान्याच्या माथ्यावर भलाथोरला बोर्ड हवा होता. चाळीस फूट लांब, तीस फूट उंच, बोईसरच्या रस्त्यावरून नाव वाचता आलं पाहिजे. तीन जणांचे भाव मागवले. दोघांनी चौरस फुटाचा दर लिहून दिला. जयरामभाऊंनी चहा पिऊन तोंडी सांगितला तो दोघांच्याही वर होता.

"अहो, अक्षरं तेवढीच, पत्रा तेवढाच, मग तुमचंच काय सोन्याचं?" मी चिडून विचारलं.

"अक्षरांचे पैशे कोन घेतो? आमी वाऱ्याचे घेतो," ते म्हणाले. "हाच बोर्ड बाजारात गल्लीत लावा, निम्म्यात देतो. हितं समोर दर्या हाय. तुमचा बोर्ड म्हंजे शीड. शीड उतरवता येतं, हा कसा उतरवाल?"

नवापूरच्या मच्छीमार वाडीतला माणूस. बापाची होडी होती, ती धाकट्या भावाकडे, भगवानकडे गेली. यांना लहानपणी होडीवर नाव रंगवायला दिलं आणि हात तिथेच चिकटला. पण समुद्र काही सुटला नाही. बोर्डाच्या पत्र्यांना ते मधेमधे अर्धगोल काप देऊन ती पाकळी आत वाकवायचे, वारा जायला वाट म्हणून. मालक कुरकुरायचे, अक्षरांना भोकं दिसतात म्हणून. "खालून कोनाला दिसत नाय. वाऱ्याला दिसतात, तेवडं बास," हे उत्तर ठरलेलं.

बोर्ड चढवण्याचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. क्रेन नाहीच. वाडीतले आठ जण, कप्पी, आणि होडीचे दोर. भगवान सगळ्यांत पुढे. काळा, रुंद, हसला की सगळे दात दिसायचे. तो आरोळी द्यायचा, बाकीचे ओढायचे, आणि अँगलचा तो अजस्र सांगाडा गच्चीवर असा उभा राहिला की आमच्या पायांखालचा स्लॅब हलला. जेवायला बसल्यावर भगवानने माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी बघून तोंड वाकडं केलं आणि आपल्यातला भाजलेला बोंबील माझ्या पोळीवर ठेवला. "खा रं सायेब, नायतर वाऱ्यानं उडशील." तेव्हापासून आमची गट्टी जमली.

पत्रे चढवायच्या आधी जयरामभाऊ अंगणात बसून रंग देत होते. पुढून निळी अक्षरं. मग त्यांनी पत्रे उलटे केले आणि मागच्या बाजूला पांढराशुभ्र रंग फासायला घेतला. हे काही कोटेशनमध्ये नव्हतं. ते मीच टाइप केलं होतं.

"पाठ कोण बघणार आहे? उगीच रंग घालवता," मी म्हटलं.

"तुमचं गिऱ्हाईक नाय बघत," ते हात न थांबवता म्हणाले. "आमचं बघतं."

काय ते भगवानने मला एका रविवारी दाखवलं. होडीत घालून नेलं. मी अर्धा वेळ ओकत होतो ते सोडा. परत येताना उन्हं कलली होती. किनाऱ्यावर एकटाच एक उंच ताड, आणि त्याच्या मागे, झाडीच्या वर, आमच्या कारखान्याच्या बोर्डाची पांढरी पाठ, पश्चिमेच्या उन्हात नुसती लखलखत होती. भगवानने सुकाणू वळवलं. ती पाठ सरकत सरकत बरोबर ताडाच्या डोक्यावर आली. "बसली बग टोपी. आता डोले मिटून शिर आत." दोन्ही बाजूंना पाण्याखाली खडक होते, मधे दोन होड्यांपुरती वाट. पूर्वी मागे एक जुना वड होता, त्याची खूण धरत. वसाहतीसाठी तो तोडला आणि वाडीची खूण गेली. जयरामभाऊंनी ती आमच्या माथ्यावर फुकटात परत उभी केली होती, आणि मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. मीही सांगितलं नाही. त्या गुपिताचा मला फार अभिमान वाटायचा.

माणूस हट्टी मात्र भारी. एका कारखानदाराने फाट्यावर लावायला बाणाचा मोठा बोर्ड करून घेतला. नकाशात बाण डावीकडे, खरा रस्ता उजवीकडे. मालक म्हणाला, साहेबांनी सही केली आहे, आहे तसा लाव. जयरामभाऊंनी सांगाडा उभा केला, पत्रा काही चढवला नाही. पंधरा दिवस नुसता सांगाडा. मी समजवायला गेलो तर मलाच ऐकवलं, "पाटी नसली तर मानूस थांबतो, इचारतो. चुकीची असली तर बेधडक जातो. मंग नसलेलीच बरी." शेवटी बाण बदलला.

अशी पंधरा वर्षं गेली. दर दिवाळीनंतर ते येऊन पुढची अक्षरं उजळत आणि पाठीला ताजा पांढरा देत. मी हळूहळू स्टोअर्सचा मुख्य झालो, चष्मा लागला, आणि भित्रा झालो. हो, भित्राच. दुसरा शब्द नाही.

कारखाना विकला गेला. नवे मालक सोमवारी पाहायला येणार होते आणि त्याआधी जुनं नाव माथ्यावरून गेलं पाहिजे, असा मॅनेजरचा हुकूम होता. मी जयरामभाऊंना बोलावलं. ते गच्चीवर आले, पण या वेळी पश्चिमेकडे पाहून डोळे मिटले नाहीत.

"दोन होड्या बाहेर हायत," ते म्हणाले. "भगवानची हाय, अनी मोरूची. बुधवारपर्यंत येतील. तवर थांबा. नायतर नाव पुसून देतो, पत्रे ऱ्हाऊ द्या."

किती साधी गोष्ट होती! खाली जाऊन मॅनेजरला विचारायला दोन मिनिटं लागली असती. मी विचारलं नाही. नवा माणूस, कडक माणूस, माझी मुलगी कॉलेजात, उगाच डोळ्यांवर कशाला या... मी म्हणालो, "नाही जमणार हो. तुम्ही नाही काढलात तर उद्या वापीचा माणूस गॅसकटर घेऊन येईल."

शनिवारी माणसं आणून त्यांनी आपल्या हातांनी बोर्ड उतरवला. जाताना माझंच समाधान करावं तसं म्हणाले, "घोर नका लावून घेऊ. खूण दिसली नाय तर थांबतील बाहेर. सकालच्या भरतीला, उजेडात, खडक बगत येतील. एक रात्र जागतील, दुसरं काय."

मी तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण मन खात होतं ना! रविवारी दोन हमाल घेतले आणि उतरवलेले पत्रे शेजारच्या गोदामाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकवून, तारेने बांधून दोन थरांत उभे केले. पांढरी बाजू समुद्राकडे. जुन्या जागेपासून शंभर-दीडशे फूट उत्तरेला. समोरून, रस्त्यावरून काही दिसत नव्हतं, मॅनेजर खूश. आणि मागून पांढरं ते पांढरंच, असा माझा हिशोब. जयरामभाऊंना सांगून चकित करायचं ठरवलं होतं. ते सोमवारी वाणगावला कामावर होते. वाडीतून तर झाडीमुळे ते पत्रे दिसतच नव्हते. ते दिसत होते फक्त पाण्यावरून.

सोमवारी उन्हं कलल्यावर भगवानची होडी आली. ती खडकावर फुटली. तिघं पोहून आले. त्यांनी वाडीत सांगितलं, पाठ दिसली, ताडावर बसवली अनी शिरलो. खूण उत्तरेला सरकली तशी शिरण्याची रेषाही खडकावर सरकली होती. भगवान आला नाही.

मंगळवारी सकाळी मला गेटवर कळलं. मी ऑफिसात आलो. तेवढ्यात खिडकीतून दिसलं, जयरामभाऊ एकटेच गोदामाची शिडी चढत होते. मी धावलो. ते पत्र्यांच्या तारा सोडत होते. एकेक पत्रा उचलून गच्चीवर पालथा घालत होते, पांढरी बाजू खाली. डोळे लाल, पण हात तसाच, नेहमीसारखा नेमका.

"जयरामभाऊ," मी म्हणालो, "हे मी केलं. मला वाटलं..."

"म्हाईत हाय. दुसरं कोन करनार?" त्यांनी मान वर केली नाही. "बाजू धरा. मोरूची होडी अजून बाहेर हाय."

मी बाजू धरली. सगळे पत्रे आम्ही दोघांनी पालथे घातले. भगवान अजून सापडलाही नव्हता, आणि हा माणूस दुसऱ्याच्या होडीसाठी गच्चीवर आला होता. भगवान तिसऱ्या दिवशी केळव्याच्या बाजूला मिळाला.

त्यानंतर त्यांनी बोर्डाचं काम घेतलं नाही. लोक भाव विचारायला येत, ते "हात कापतो" म्हणून सांगत. हात कापत नव्हता. मी अधूनमधून वाडीत जायचो. खाटेवर बसवायचे, चहा द्यायचे, निघताना सुक्या बोंबलांची पुडी हातात ठेवायचे. एकदाही तो विषय नाही. शिव्या घातल्या असत्या, कानाखाली वाजवली असती, तर मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडलो असतो. तीही सोय त्यांनी ठेवली नाही. चार वर्षांनी ते गेले. त्यांना खांदा द्यायला मी होतो. वाडीतल्या कुणी मला अडवलं नाही, म्हणजे त्यांनी तिथेही कुणाला सांगितलं नव्हतं.

खांदेकऱ्यांत माझ्या पुढे मोरू होता. परतताना तो ताडापाशी थांबला, समुद्राकडे हात करून मला म्हणाला, "सायेब, भगवान गेला त्या हप्त्यात आमी बी पोचलो व्हतो. मंगलवारी, दिवस बुडताना. लय शोधली, पन पाठ कुटंच दिसली नाय. म्हून रातभर बाहेरच थांबलो."