नळीला लावलेलं तेल

ब्लेझ आपल्याला फारसा ठाऊकच नव्हता, हे महादूला तो गेल्यावर कळलं. देवबागात दोघांची घरं शेजारी, वर्षभर ब्लेझ महादूच्याच होडीतून खाडीत फिरला; पण जहाजावरची नोकरी त्याने का सोडली, लग्न का केलं नाही, हे महादूने कधी विचारलं नाही. विचारायला तोंड लागतं, ते देवाने महादूला बेताचंच दिलेलं. एक मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. ब्लेझचं डोकं ज्या वल्ह्याने फुटलं, ते उगारलं गेलं महादूच्या तेलामुळे.

खाडीत मेलेली मासळी काठाला लागली, तेव्हापासून सगळ्यांचा राग वरच्या अंगाच्या, खाडीत घाण पाणी सोडणाऱ्या कोळंबीच्या तळ्यावर होता. एका कॉलेजने ब्लेझला पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर दिला. भोकं पाडलेल्या नळीत तो बसवून, ओहोटीच्या पाण्याखाली हातभर राहील असा ब्लेझने खाडीतल्या खुंटाला बांधला. दर पंधरा मिनिटांनी आकडा सगळ्यांच्या फोनवर यायचा. लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासा गुदमरतो.

"दोन महिने आकडे जमवूया, मगे बोलूया," ब्लेझ म्हणायचा.

"तुझी नळी बोलापर्यंत आमी काय वारो खावचो?" गुरुप्रसाद विचारायचा. त्याची जाळी महिनाभर रिकामी येत होती.

नळीला बारीक शिंपले चिकटू लागले. ब्लेझ दर आठवड्याला ती वर काढून दात घासायच्या ब्रशाने तासभर घासत बसे. महादूला त्याची दया आली. होडीच्या बुडाला शिंपले धरू नयेत म्हणून काजूच्या टरफलांचं तेल लावतात. ब्लेझ मालवणला गेला असताना त्याने तेच नळीला आणि आतल्या सेन्सरलाही चांगलं दोन हात चोपडलं.

दुसऱ्या दिवशी आकडा आला शून्य पूर्णांक आठ.

तासाभरात तीस माणसं तळ्यावर तुटून पडली. जाळ्या फाडल्या, पंप फोडला, राखणदाराला केस धरून चिखलात ओढला. लाथांनी त्याचं तोंड रक्ताने भरलं. ब्लेझ धावत आला.

"आकडो चुकीचो आसा रे! खाडीत बोय मासे उडतत, बघा तरी!"

"काल नळी खरी, आज खोटी?" गुरुप्रसाद ओरडला. "तळ्यातली कोळंबी गोड लागली काय रे?"

महादू मागे उभा होता. उडणारे मासे त्यानेही पाहिले होते. तेल माझां, एवढेच दोन शब्द. ते बोलायच्या ऐवजी तो आणखी एक पाऊल मागे सरला. ब्लेझ राखणदारावर पालथा पडला. गुरुप्रसादचं वल्हं खाली आलं. सुका नारळ दगडावर आपटावा तसा आवाज झाला. दुसरा घाव उजव्या हातावर बसला, बोटं चिरडली. तरी तो खालच्या माणसावरून हलला नाही.

पोलिसांनी गुरुप्रसादला नेलं. डोक्याला नऊ टाके पडले होते, तरी चौथ्या दिवशी सकाळी ब्लेझ महादूच्या दारात हजर. त्याच संध्याकाळी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या आणि गोव्याच्या इस्पितळात पोचायच्या आत तो गेला. पण त्या सकाळी खाडीत त्याने डाव्या हाताने नळी वर ओढली. तिच्यावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला. महादू पाण्याकडे बघत राहिला.

ब्लेझने साबणाच्या पाण्याने सेन्सर पुन्हा पुन्हा धुतला, ओल्या फडक्यात गुंडाळला, हवेतला आकडा शंभर टक्क्यांवर येईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "काकानू, होडयेक यंदा तेल लावलात?"

"लावलंय."

"बरां केलात. आता होडी स्थिर धरा. नळी सोडतंय."

"धरलंय रे. सोड."