एकपासून सुरू होणारी लग्नं

गुरुदासने लग्नाचे फोटो काढणं सोडलं, त्याला दोन वर्षं झाली. आमच्या कट्टा गावात एस.टी. स्टँडजवळ त्याचा स्टुडिओ आहे. तिथे तो आता फक्त पासपोर्ट साइजचे फोटो काढतो, तेही गिऱ्हाइकाशी न बोलता. माणूस चक्रम झाला, असं लोक म्हणतात. लोकांच्या बापाचं काय जातं? शेजारच्या गाळ्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

रोलच्या दिवसांत त्याचा एक नेम होता. आमच्याकडे फोटोग्राफरला लग्नाला बोलावतात तसं मयतालाही बोलावतात. म्हाताऱ्यांनी त्याला बजावून ठेवलेलं, मड्याच्या मागे व्हकल नको. म्हणजे ज्या रोलवर प्रेताचा फोटो, त्यावर नवरीचा नको. रोलात दहा फोटो शिल्लक असले तरी गुरुदास तो काढून ठेवायचा आणि लग्नाला कोरा घालायचा. प्रत्येक लग्न एक नंबरपासून. निगेटिव्ह वेगवेगळ्या पाकिटांत आणि सगळी पाकिटं बिस्किटांच्या एका डब्यात.

२००६ साली त्याने डिजिटल कॅमेरा घेतला. त्यात रोल नव्हता, पण नंबर होते, आणि ते मयतावरून थेट लग्नावर धावायचे. नंबर परत एकवर आणायची सोय गुरुदासने शोधून काढली आणि मला दाखवायला आला. स्वारी भलतीच खूश होती. कॉम्प्युटरातही त्याने डब्यासारखा एकच फोल्डर केला, 'लग्नं' नावाचा. प्रत्येक लग्नाची वेगळी पाकिटं तेवढी करायची राहिली. मी शहाण्यानेही तेव्हा वा वा केलं, ते मला अजून बोचतं.

पुढच्या मे महिन्यात नम्रताचं लग्न झालं. तिचा बाप सत्यवान शेतकरी माणूस. दुसऱ्याच दिवशी तो स्टुडिओत आला आणि पडद्यावर एकेक फोटो बघून हवे त्यांचे नंबर कागदावर लिहीत बसला. एकशे आठला थांबला आणि लाजल्यासारखा हसला. त्यात तो नम्रताचा हात जावयाच्या हातात देत होता. लेक गणपतीला माहेरी येणार होती, म्हणून जाताना गुरुदासला म्हणाला, "घाई नाय रे. चेडू चतुर्थीक येतलां, तेवा सगळे एकदम काड."

तीन दिवसांनी गुरुदासने कार्ड रिकामं करून, नंबर एकवर आणून वेंगुर्ल्याच्या एका लग्नाचे फोटो काढले. ते फोटो कॉम्प्युटरात टाकताना मशीनने इंग्रजीत विचारलं, याच नावाची फाइल आधी आहे, तिच्या जागी ही ठेवू का? मशीन दिवसभर असल्या कटकटी करतं. त्याने 'सगळ्यांना होय' दाबलं. आधीची लग्नंही अशीच पुसली गेली होती, पण त्यांचे अल्बम घरोघरी पोचलेले, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

लावणीच्या दिवसांत सत्यवानला ताप आला आणि आठवड्यात तो गेला.

तेरावं झाल्यावर त्याची बायको तुळसा तोच कागद घेऊन आली. भिंतीवर लावायला तिला एकशे आठ नंबर हवा होता. नवऱ्याचा दुसरा धड फोटो घरात नव्हता. मतदार कार्डावरचा होता, पण त्यात चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग दिसायचा.

गुरुदासने एकशे आठ उघडला. परका मांडव, परकी नवरी, परका बाप. मग एकशे सात, एकशे नऊ, मग एकपासून सगळे. "उद्या-परवा या वैनी," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. ती गेल्यावर त्याने मला हाक मारली. कुडाळहून जाणकार माणूस आणला. त्याने दोन दिवस खटपट केली आणि मान हलवली. लग्नाला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणाकडे कॅमेरा नव्हता. मला त्या दिवशी सगळ्याचाच वीट आला.

तिसऱ्या दिवशी तुळसा आली. गुरुदासने काही लपवलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगतो. "वैनी, चूक माजी. माका काय व्हया तां बोला."

ती एकशे आठ दाखव म्हणाली. पडद्यावर वेंगुर्ल्याचा तो बाप आपल्या लेकीचा हात धरून उभा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. दोन एस.टी. गेल्या, ती उठली नाही.

"ह्यो बापूस जितो आसा?" तिने शेवटी विचारलं.

"आसा," गुरुदास म्हणाला.

"मगे तेच्या चेडवाक फोटो आजच नेवन दी."