बापाच्या वेळचा रेखांश

नव्वदीच्या दशकात मांजरसुंब्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघताना मी शेजारच्या माणसाला वेळ विचारली. ऊन दहाचं होतं, त्याच्या घड्याळात मात्र पावणेपाच.

“ही ग्रीनिचची येळ. जहाजावर व्हतो मी. सूर्याची उंची मोजून जहाज असंल तिथली येळ काढायची, हिच्याशी ताडून बघायची. फरकावरून रेखांश निघतो.” सांगताना त्याचा एक डोळा मिटला, यंत्र धरल्यागत मूठ सूर्याकडं गेली.

“बाप वारला तवाचा रेखांश आजबी सांगतो. पर माझा भाऊ इचारतो, मातीला आला कावून न्हाईस?”

“निरोप उशिरा मिळाला असेल,” मी म्हणालो.

“येळेवर मिळाला. बढती जवळ आलती, म्हणून रजाच मागितली न्हाई.”

“मग मिळाली बढती?”

“न्हाई. त्याच वर्षी जहाजावर ठिकाण सांगणारं उपग्रहाचं यंत्र बसलं, अन् मला घरी धाडलं.”

एवढं बोलून तो मोठ्यानं हसला. मला त्याच्याकडं बघवेना.