शनिवारची घंटा

युनियन केली म्हणून कारखान्याने काढलेल्या बाईचा खटला मी लढवत होते. मालकाच्या बाजूने आमच्या भुईगावचाच सुपरवायझर साक्षीला उभा राहिला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"ईस्टरच्या आदल्या दिवशी, चर्चची बाराची घंटा वाजत असताना हिने मशीन फोडलं," तो शपथेवर म्हणाला.

मी ताडकन उठले. "गुड फ्रायडेपासून ईस्टरच्या मिस्साच्या प्रार्थनेपर्यंत आपल्या चर्चमध्ये घंटा वाजते?"

"नाही वाजत."

"मग शनिवारी कशी वाजली?"

साक्ष तिथेच कोसळली.

बाहेर व्हरांड्यात मी त्याच्यावर खेकसले, "खोटं बोलायला लाज नाही वाटली?"

"साक्ष मालकाने पढवली, बाय. त्यात घंटा मी पदरची घातली. तू विचारशील की नाही, याचीच धास्ती होती."