शालूबाईचं बसणं

गडमुडशिंगीत कुणाकडं वास्तुशांत असू दे, बारसं असू दे, नाहीतर देवळात महाप्रसाद असू दे, पंगतीत वाढायला शालूबाई हवीच. पदर खोचून ती जी उभी राहायची, ती शेवटचा माणूस हात धुऊन जाईपर्यंत. "आगं, चार घास खाऊन घे की," असं कुणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "वाढतो की आधी, मला काय घाई हाय?" मग सगळं आवरल्यावर भिंतीला टेकून, उभ्या उभ्याच गार भात खायची. बाया आपापल्या सुनांना सुनवायच्या, "बघा जरा तिच्याकडं. बूड टेकत न्हाय बाई!"

आता खरं सांगायचं तर शालूबाईला बसायची भारी हौस होती. पण बसलं की उठता येत नव्हतं. एवढीच गोष्ट, आणि ती तिनं जन्मभर दडवून ठेवली होती.

लहानपणी चांगली चालणारी पोर. शाळेत जायला लागली तशी मांड्यांतली ताकद कमी झाली. जमिनीवरून उठायचं तर गुडघ्यांवर हात रोवून, आपल्याच अंगावर चढत गेल्यासारखं उठावं लागायचं. काही आठवडे बरे जायचे, मग पुन्हा पाय जड. आई म्हणायची कामचुकार, बाप म्हणायचा लाडानं बिघडली. 'आळशी' हा शब्द पोरीच्या इतका जिव्हारी लागला, की तिनं मनाशी ठरवून टाकलं, चारचौघांत बसायचंच नाही.

लग्न झालं ते आत्याच्याच घरी. अंबूबाई आत्यानं भावाची पोरगी हक्कानं सून करून आणली. आत्याचा मुलगा जोतीराम शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. सासरी शालूबाईनं भांडी घासायला कमरेइतका कट्टा बांधून घेतला, म्हशीची धार नवऱ्याच्या गळ्यात घातली. हळदीकुंकवाला गेली तर दारातूनच कुंकू लावून परत. पंगतीत मीठ, लिंबू, चटणी असलं हलकं तेवढं हातात धरायची. आमटीची बादली तिनं कधी उचलली नाही, हे एवढ्या मोठ्या गावात एकाच्याही ध्यानात आलं नाही. लोकांचं काय हो, माणूस उभं दिसलं की त्यांना कामसू वाटतं.

पण लेक संयोगिता आईसारखी लपवाछपवी करणारी नव्हती. दमली की ती सरळ बसायची. कोल्हापूरला कॉलेजला जायची, तर बसच्या पायरीवर पाय उचलेना म्हणून मागच्यांची बोलणी खाऊन यायची. संध्याकाळी पापण्या आपोआप खाली यायच्या. अंबूबाईचा पट्टा सुरू, "आईनं जन्मात बूड टेकलं न्हाय, आन लेक बघा. पाटलीणबाई!" आणि जिला सगळं ठाऊक होतं ती शालूबाईसुद्धा पोरीला म्हणायची, "बसू नगंस गं. उभी ऱ्हा." राग यावा असंच हे. पण तिला तरी दुसरा कुठला उपाय माहीत होता?

शेवटी दवाखाना झाला. एका डॉक्टरांनी सांगितलं, नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप कमी पडतोय, आणि गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी बऱ्याच लोकांना गुण येतो. संयोगिताला त्या उलट्याच पडल्या. भांग पाडायलाही हात वर जाईना. मग कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या डॉक्टर प्रियदर्शनींकडं नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "घरात आणखी कुणाला असा त्रास आहे?"

"न्हाय बाई," जोतीराम छाती काढून म्हणाला. "हिची आई बघा की. सकाळपासनं उभीच हाय."

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. रिकाम्या बाकड्याशेजारी शालूबाई उभी. "तुम्हाला काही त्रास?"

"मला कशाचं काय हुतंय!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच तोंड कडू झालं. पण खरं सांगितलं असतं, तर आजवर मिळवलेली शाबासकी एका मिनिटात मातीत गेली असती. वर 'आईनंच पोरीला दिलं' हे आत्याच्या तोंडून ऐकायचं. छे, तिला ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती लेकीची वेणी घालत होती. घालता घालता हात खाली घेऊन दम खायचा, ही तिची जुनी सवय. तेवढ्यात संयोगिता म्हणाली, "आई, या गोळ्यांनी बाकीची माणसं बरी हुत्यात. मला उलटं हुतंय. मी खरंच नाटक करतोय व्हय गं? माझं मलाच कळंना झालंय."

शालूबाईच्या हातातली फणी थांबली. लोकांनी आपल्याला आळशी म्हटलं, ते तिनं गिळलं होतं. पण पोटच्या पोरीला स्वतःचाच भरवसा वाटेनासा व्हावा? हे मात्र तिला गिळवेना.

पुढच्या खेपेला आत्याही दवाखान्यात आली होती. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायच्या आत शालूबाई पदर सावरून खाली फरशीवर बसली. चक्क मांडी घालून. जोतीराम चपापला, "आगं, हे काय?"

"आता मला ऊठ म्हणा."

आणि ती आपणच उठायला लागली. हात फरशीवर, मग गुडघ्यावर, मग मांडीवर. अर्ध्यात गेली आणि कोलमडली. जोतीराम धावला, तर तिनं त्याला हातानंच थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. बाईंना बघू द्या." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "बाई, माझी पोर खोटं बोलत न्हाय. मीच बोलत आलो, जन्मभर."

डॉक्टरीणबाई उठून तिच्याजवळ खाली बसल्या. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, तिला धरून उठवलं. त्या गोळ्या त्यांनी त्याच दिवशी बंद केल्या. मायलेकींचं आणि जोतीरामचं रक्त तपासणीला गेलं, आणि निकाल आल्यावर त्यांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं.

"डॉक-सेव्हन नावाचा एक जीन असतो. त्याच्यावरून शरीर एक प्रथिन बनवतं. नसेचा निरोप घ्यायला स्नायूवर एक जागा तयार व्हावी लागते, आणि ती बांधताना हे प्रथिन मध्यस्थी करतं. लग्न जमवणारा मध्यस्थ असतो ना, तसं. संसार त्याचा नसतो, पण इकडचं बोलणं तिकडं त्यानं पोचवलं नाही तर काहीच जुळत नाही. या दोघींत तो मध्यस्थच कच्चा आहे. त्यामुळं निरोप निघतो, पण तो घ्यायची जागा अपुरी पडते."

"म्हंजी आळस न्हवं?" शालूबाईनं विचारलं.

"आळस कसला? एवढ्या ताकदीवर तुम्ही संसार ओढलात!"

शालूबाईनं पदर तोंडाला लावला. हे एक वाक्य ऐकायला तिचे आईबाप हवे होते.

"जीनच्या दोन प्रती असतात," डॉक्टरीणबाई पुढं म्हणाल्या, "एक आईकडून, एक वडिलांकडून. एक चांगली असली तरी भागतं. शालूबाईंच्या दोन्ही बिघडलेल्या, जोतीरामांची एकच; संयोगिताला दोघांकडूनही बिघडलेलीच आली. जोतीरामांची ती एक बहुतेक त्यांच्या आईकडून, कारण शालूबाईंचं माहेर आणि त्यांचं माहेर एकच."

आता अंबूबाईला माहेरचा केवढा ताठा! ती नातीजवळ सरकली. मग म्हणाली, "म्हंजी माझ्याच घरातलं आलं हे. लगीन बी मीच जमवलं. आन वर पोरीला पाटलीण म्हणत हुतो मी." तिनं नातीचा हात धरला तो सोडलाच नाही.

नवं औषध निघालं ते दम्याच्या माणसांना देतात तेच. अंबूबाईनं लगेच पिशवीतून आपली दम्याच्या गोळ्यांची डबी काढली, "ही व्हय? ही तर माझ्याकडं हाय की!"

"आजी, डबी आत ठेवा," डॉक्टरीणबाई हसल्या. "यांना किती द्यायचं ते छातीचे ठोके बघून मी ठरवणार. आणि लगेच गुण दिसायचा नाही. महिने लागतील."

लागलेच. पण संयोगिता हळूहळू बसची पायरी चढायला लागली. शालूबाईचं शरीर जुनं, तिला गुण बेतानंच आला.

मग देवळात महाप्रसाद झाला. बाया हाका मारायला लागल्या, "शालूबाई, मीठ-लिंबू घे गं!" शालूबाई आली, आणि सगळ्यांच्या देखत पंगतीत जाऊन बसली. लेकीच्या शेजारी. "आज तुम्ही वाढा," म्हणाली. "मला उठाय येत न्हाय, म्हणून मी बसत नव्हतो. आज उठवाय माणूस हाय." एकीनं मीठ-लिंबू आपल्या हातात घेतलं. अंबूबाई स्वतः वाटी घेऊन आली आणि भाचीच्या पानात तिनं वाफाळती खीर वाढली.

पंगत उठली. संयोगिता गुडघ्यावर हात ठेवून आपली आपण उभी राहिली आणि तिनं आईपुढं हात केला. "ऊठ आई, चल."

शालूबाईनं तो हात घट्ट धरला, पण उठली नाही.

"थांब की जरा," ती म्हणाली. "बसू दे मला."