ह्यांचं ‘झालं’

आमच्या ह्यांना कुठलंही काम सांगा, तोंडातून आधी ‘झालं’ निघतं. काम मागून सावकाश येतं, आलं तर. नळ गळतोय म्हटलं, की प्लंबरला फोन लावतात आणि म्हणतात, ‘झालं’. नळ अजून गळतोय.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो मी काढते, कारण लोकांना हसवणं ह्यांना जमत नाही. संगणकाचं हे बघतात. फोटो छपाईच्या मापाचे करायला ह्यांनी एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे संगणकाला ओळीने दिलेले हुकूम. पूर्वी एकेक फोटो व्हायचा. मग कुठेतरी वाचून आले, की ओळीच्या शेवटी ‘अँड’चं चिन्ह टाकलं की संगणक ते काम मागे ढकलतो आणि लगेच पुढची ओळ घेतो. सगळी कामं एकदम. स्वभावाला साजेसंच चिन्ह सापडलं.

त्या दिवशी एका आजींच्या घरचे फोटो होते. त्यांचे चार मुलगे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आईच्या हट्टापायी एकदाच एका रांगेत बसले, आणि उठता उठता पुन्हा जुंपली. तो फोटो परत मिळणं शक्य नव्हतं.

ह्यांनी स्क्रिप्ट चालू केली. पडद्यावर लगेच ‘झालं’ उमटलं. तेही ह्यांनीच लिहून ठेवलेलं. मागे कामं नुकती कुठे सुरू होत होती, आणि ‘झालं’च्या आधीची ओळ होती मूळ फोटो पुसून टाकायची. मागची कामं आटपेपर्यंत थांब, असं सांगणारी ‘वेट’ची ओळ घालायला हे विसरले होते. पुसायच्या आधी जेवढे फोटो तयार झाले तेवढेच फोल्डरमध्ये उरले: पाहुणे, खुर्च्या आणि एक फुलदाणी. चार भावांचा पत्ता नाही.

हे तेच फोल्डर पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “नाही झालं गं.”

इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं, पण जीव कळवळला. पर्समधून कॅमेऱ्याचं कार्ड काढून पुढे ठेवलं.

“पुसलं नाहीस? फोटो संगणकावर उतरवून झाले म्हणालो होतो ना मी?”

“म्हणाला होतात. म्हणूनच ठेवलं.”

ह्यांनी ‘वेट’ घातलं. आजी आल्या तेव्हा स्क्रिप्ट चालूच होती.

“थांबा जरा, आजी,” हे म्हणाले, आणि स्वतःही हात मांडीवर ठेवून थांबले. मला नळ आठवला.

फोटो हातात आल्यावर आजींनी चारही चेहऱ्यांवरून बोट फिरवलं.

“झालं,” त्या म्हणाल्या. “आता खुशाल भांडा म्हणावं.”