बदामी उंटाची खरी हकीकत

मुलीच्या घरी कपाटावर एक बदामी उंट आहे, माझ्या बायकोने नातीसाठी शिवलेला. आल्यागेल्याला मुलगी त्याची गोष्ट सांगते: आईचं डोकं चालेनासं झालंय, हे आम्हाला या उंटामुळे कळलं. ती गोष्ट खोटी आहे. मीच तिला तशी सांगितली होती. बायकोला जाऊन दीड वर्ष झालं. आता तरी खरं लिहायला हवं.

विम्याच्या नोकरीने आम्हाला साताऱ्याहून जयपूरला आणलं, आणि निवृत्तीनंतर आम्ही तिथल्याच दुर्गापुऱ्यात राहिलो. नातीला उंट हवा होता. बायकोने ठरवलं, बाजारचं कापड नको. आधी लोकर विणायची, मग विणलेलं कढत पाण्यात साबण लावून चोळायचं. खरी लोकर अशाने आटते, टोंकच्या नमद्यासारखी, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाजमासारखी, घट्ट होते, कापली तरी उसवत नाही. तिने हातभर विणलं, दोन दिवस चोळलं. हात लाल झाले, कापड होतं तसंच. लोकर नकली निघाली होती. "फसवलं त्या लोकरवाल्या भैयाने," म्हणाली आणि दुपारची आडवी झाली. त्या सुमाराला ती कधी भाजीत दोनदा मीठ घालायची, किल्ल्या कुठेतरी ठेवून शोधत बसायची. एवढंच.

ती झोपल्यावर मी तिच्या पेटीतून विणलेला एक बदामी तुकडा काढला. उठल्यावर तिला बरं वाटेल, हा हेतू. तुकड्याच्या वरच्या कडेचे टाके एका दोऱ्यात ओवून ठेवले होते. काम अर्धं राहिलं आणि पुढे कधीतरी करायचं असलं, की टाके असे जपतात. कोणत्याही विणणारीला ते दिसलं असतं. मला तो उरलासुरला तुकडा वाटला. दोरा ओढून फेकून दिला. गीझरच्या पाण्यात चोळला, गार पाण्यात बुडवला, पुन्हा चोळला. तासाभरात तो निम्मा झाला, जाड झाला. मी खूश होऊन दोरीवर टाकला.

ती आमच्या मुलाच्या स्वेटरची पाठ होती. जयपूरजवळच्या चाकसूहून मोटारसायकलवर येताना तो अपघातात गेला, त्या दिवशी सुयांवर तेवढंच विणून झालं होतं. हे मला ती उठून दोरीपाशी उभी राहिली तेव्हा समजलं. कापड दोन्ही हातांनी ताणून बघत होती. ते ताणलं जात नव्हतं.

"हे मी केलं का हो?" तिने विचारलं.

तिच्या चेहऱ्याकडे बघून माझी हिंमत झाली नाही. "हो," मी म्हणालो. "सकाळी तूच घातलंस पाण्यात. आठवत नाही?"

ती तिथेच खाली बसली. "नाही आठवत," म्हणाली.

संध्याकाळी मुलगी आली, तिलाही मी तेच सांगितलं. "बाबा, मतलब, आता आईला गॅसजवळ एकटं सोडायचं नाही," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या. आजार कसाही वाढलाच असता, असं डॉक्टर म्हणाले. असेल. पण त्या दिवसापर्यंत तिचा स्वतःवर विश्वास होता. त्यानंतर ती मला विचारायला लागली: माझी अंघोळ झाली का, मी जेवले का. मी सांगेन ते खरं मानायची. कापड वाया जाऊ नये म्हणून तिने ते स्वतः कापलं, उंट शिवला, आणि सुया पुन्हा हातात धरल्या नाहीत.

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात एकदा, उन्हात बसलो असताना, मी तिला सगळं सांगितलं. स्वेटर मी बिघडवला, तू नाही. तेव्हा ती मुलाचं नाव विसरली होती. फोटोतला मुलगा कोण, हेही तिला सांगता येत नव्हतं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर थोपटलं.

"तुम्ही कशाला अंगावर घेता," ती म्हणाली. "माझ्याच हातून झालं ते."